औषधाचा छेद आपण घेतो. ऊतीचा कोण घेणार?

२०२१ च्या जुलै महिन्यात गुळवेलीवरून उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेलच. मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला आणि केंद्रीय आयुष मंत्रालयाने लगोलग निवेदन काढून त्यावर आक्षेप नोंदवला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती की तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची खातरजमा संशोधकांनी केलेली नाही, हा त्या आक्षेपातील एक प्रमुख मुद्दा होता. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा विषय पुन्हा वर आला. मंत्रालयाने विचारलेला प्रश्न रास्त होता, असे प्रस्तुत लेखकाचे तेव्हाही मत होते व आजही आहे. द्रव्याची ओळख पटल्यावाचून त्याच्या गुणदोषांची चर्चा करणे आपल्या शास्त्रालाही मान्य नाही.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची विद्या आपल्याजवळ आहे. काष्ठौषधीचा आडवा छेद घेणे द्रव्यगुणाच्या प्रयोगशाळेत आपण सर्वच जण शिकलो. गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्याला खाच पाडून त्यात खोडाचा तुकडा धरायचा, दाढीच्या पात्याने एका ओढीत पातळ चकती उतरवायची, ती बशीतल्या पाण्यात सोडायची, त्यातली सर्वांत पातळ चकती कुंचल्याने उचलून सॅफ्रॅनिनने रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात एकेरी द्रव्यांच्या नोंदींत सूक्ष्मरचनेचे वर्णन दिलेले असते ते याचसाठी. ज्या औषधनिर्मात्यांनी स्वतःची परीक्षणशाळा नीट चालवली आहे त्यांच्याकडे आजही हे काम रोज होते, आणि भेसळीचा माल दारातूनच परत जातो.

परंतु ही अर्धीच बाजू झाली. औषध कोणते, हे आपण छेद घेऊन सांगू शकतो. ते औषध शरीरात जाऊन यकृताला, वृक्काला काय करते, हे पाहण्यासाठी ज्या ऊतीचा छेद घ्यावा लागतो तो विषय मात्र आपण संपूर्णपणे इतरांच्या हाती सोपवून मोकळे झालो आहोत. प्रयोगशाळेतून चार रंगीत छायाचित्रे येतात, त्याखाली 'यकृताची रचना प्राकृत' असे एक वाक्य असते, आणि आपण ते अहवालास जोडून पुढे पाठवतो. तो छेद कसा घेतला, कोणत्या पद्धतीने घेतला, त्या पद्धतीत काय दिसते आणि काय दिसूच शकत नाही, हे विचारणारा वैद्य किंवा फार्मसीचालक क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नापुरता आहे.

ऊतीची स्लाइड तयार करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली नेहमीची, मेणाची. ऊतीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकून स्थिर करतात, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून फिरवून त्यातील पाणी काढतात, मग झायलीनमधून नेतात आणि शेवटी साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिनमध्ये मुरवून त्याची वडी पाडतात. त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे छेद मायक्रोटोमवर निघतात. ही पद्धत उत्तम आहे, चित्र स्वच्छ मिळते, वडी वर्षानुवर्षे टिकते आणि जगातील बहुतेक सर्व निदान याच छेदांवर होते. तिची एक मर्यादा मात्र तिच्या पोटातच आहे. अल्कोहोल आणि झायलीन ही दोन्ही स्नेह विरघळवणारी द्रव्ये आहेत. पेशीत साठलेला मेद या प्रवासात धुऊन जातो आणि पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांपुढे उरते ती पोकळी.

आता ही पोकळी कशाची, हे अनुभवी डोळा पुष्कळदा सांगू शकतो. मोठ्या मेदबिंदूची पोकळी गोल, काठाने रेखीव असते आणि पेशीकेंद्र एका बाजूस सरकलेले असते. पेशीत पाणी साठले किंवा शर्करेचा साठा वाढला तर फिकेपणा येतो, पण त्याचा काठ धूसर राहतो. प्रश्न येतो तो मेदाचे बिंदू अत्यंत बारीक असतात तेव्हा. पेशी नुसती फेसाळ, किंचित फुगलेली दिसते, केंद्र जागच्या जागी असते आणि मेणाच्या छेदावर हा बदल हातातून निसटू शकतो. औषधजन्य यकृतविकारांत हा सूक्ष्मबिंदू मेदसंचय क्षुल्लक समजला जात नाही; पेशीतील ऊर्जानिर्मितीच बिघडल्याचे तो लक्षण असू शकतो.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात मृतशरीर पाहण्याची जी पद्धत दिली आहे ती येथे आठवते. देह गवताने वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, मंद वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचा आणि मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा वेळूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे एकेक अंग डोळ्यांनी पाहायचे. त्याआधीच्या अध्यायात त्वचेच्या सात थरांची जाडी व्रीहीच्या प्रमाणात दिली आहे आणि सर्वांत वरचा अवभासिनी नावाचा थर व्रीहीच्या अठराव्या भागाइतका सांगितला आहे. इतका पातळ थर वेगळा ओळखण्यासाठी देहाची पूर्वतयारी कशी करावी, याचा विचार त्या काळी झाला होता, हे महत्त्वाचे. पाण्यात मुरवलेल्या देहात थर सुटे होतात, पण त्याच पाण्यात रक्त वाहून जाते. पाहण्याची रीत बदलली की दिसणारी वस्तू बदलते, हे आपल्याला नवे वाटू नये.

दुसरी वाट गोठवण्याची. प्रयोगशाळेत तिला सरसकट 'फ्रोझन' म्हणतात, आपणही तेच म्हणू. येथे मेण नाही, अल्कोहोलचा प्रवास नाही. ऊतीतील पाणीच गोठून ऊतीला कडकपणा देते आणि तो गोठलेला ठोकळा थेट कापला जातो. हे काम क्रायोस्टॅट नावाच्या यंत्रात चालते. वरून काचेचे झाकण असलेली शीतपेटी आणि तिच्या आत मायक्रोटोम, असे त्याचे स्वरूप असते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील लिंडरस्ट्रोम-लँग आणि मोगेन्सेन यांनी १९३८ मध्ये थंड पेटीत मायक्रोटोम ठेवून ही रीत मांडली. त्यापूर्वी कार्बन डायऑक्साइडच्या झोताने ऊती गोठवून कापत असत.

हे काम पाहण्यासारखे असते. ताज्या ऊतीचा लहान तुकडा टिपकागदाने कोरडा करून धातूच्या चकतीवर ठेवतात आणि त्यावर ओसीटी नावाचा घट्ट, पारदर्शक द्रव ओततात. गोठल्यावर तो पांढरा होतो आणि ऊतीला चहूबाजूंनी आधार देतो. पेटीचे तापमान साधारण उणे वीस अंश असते, पण प्रत्येक ऊतीचा स्वभाव वेगळा. यकृतासारखी ऊती उणे पंधराच्या आसपास नीट उतरते. मेदाने भरलेली स्तनाची ऊती त्या तापमानाला पात्याला चिकटते, तिला उणे पंचवीस ते तीस अंशांची थंडी लागते. ठोकळा फार थंड झाला की छेद काचेसारखा तडकतो. तो पुरेसा थंड नसेल तर चुरगळून गोळा होतो. तडकत असेल तर टेक्निशियन ठोकळ्यावर काही क्षण अंगठा ठेवतो, ऊब लागू देतो आणि पुन्हा कापतो. यंत्र कितीही महागडे असले तरी छेद शेवटी त्या अंगठ्याच्या अंदाजावर उतरतो. पाकसिद्धी बोटांनी जोखणाऱ्या आपल्या मंडळींना हे निराळे सांगायला नको. छेद गुंडाळला जाऊ नये म्हणून पात्यावर काचेची पट्टी असते. ती उचलून खोलीच्या तापमानाची स्लाइड नुसती जवळ नेली की पाच ते दहा मायक्रॉनचा तो पापुद्रा स्वतःहून स्लाइडवर चिकटतो.

सर्वांत मोठा शत्रू बर्फ. ऊती सावकाश गोठली तर पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, पेशी फाटतात आणि स्लाइडवर सगळीकडे भोके दिसतात. म्हणून गोठवणे झपाट्याने झाले पाहिजे. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, पण ऊती थेट त्यात बुडवली तर तिच्याभोवती वायूचे आवरण तयार होते आणि थंडी आत पोहोचायला उलट उशीर होतो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचत राहतो, तोच प्रकार. त्यामुळे नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये ऊती बुडवतात. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला यकृताचा तुकडा या कामासाठी निकामी समजावा.

गंमत अशी की बर्फाची ही भोकेही मेदाच्या पोकळीसारखीच दिसू शकतात. म्हणजे मेणाच्या छेदात मेद गेल्यामुळे पोकळी आणि गोठवलेल्या छेदात बर्फामुळे पोकळी. मग फ्रोझनचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की गोठवलेल्या छेदात मेद जागेवर असतो आणि तो रंगवता येतो. ऑइल रेड ओ या रंगाने मेदबिंदू लालभडक होतात, हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रे निळी होतात. बर्फाचे भोक रंग घेत नाही. जे लाल आहे ते मेद. त्यावर वाद राहत नाही, आणि ते लाल क्षेत्र संगणकावर मोजताही येते.

हे सर्व वैद्यांनी का जाणून घ्यावे? कारण आज आपल्या औषधांच्या दोन प्रकारच्या दाव्यांत यकृतातील मेद मध्यभागी आहे. एक दावा सुरक्षिततेचा: अमुक कल्प उंदरांना इतके दिवस इतक्या मात्रेत दिला, यकृतात विकृती आढळली नाही. दुसरा दावा परिणामाचा: अमुक कल्पाने यकृतातील मेदसंचय कमी झाला. सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर' लिहून आलेला रुग्ण आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात आहे. कुटकी, आरोग्यवर्धिनी, भूम्यामलकी यांचा वापर त्यामुळे वाढला आहे आणि या नावाखाली नवनवीन प्रोप्रायटरी औषधे बाजारात येत आहेत. माझ्या पाहण्यात आलेल्या पदव्युत्तर प्रबंधांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे दोन्ही दावे जवळजवळ नेहमी मेणाच्या छेदांवर उभे असतात. ज्या पद्धतीने मेद धुऊन टाकला त्याच पद्धतीच्या स्लाइडवर बोट ठेवून मेद कमी झाला म्हणायचे, हे दुबळे समर्थन आहे. विरोधकाने पोकळ्यांचे दुसरे स्पष्टीकरण दिले की आपल्याजवळ उत्तर नसते. औषध खरोखर गुणकारी असले तरी नसते, हे अधिक वाईट.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. आयुर्वेदातील मेदधातू म्हणजे पेशीतला तेलाचा थेंब नव्हे, आपली तत्त्वे सूक्ष्मदर्शकात सापडत नाहीत, असे म्हटले जाते. तत्त्वतः मला ते मान्य आहे. परंतु औषधाच्या वेष्टनावर आपणच 'फॅटी लिव्हरवर उपयुक्त' असे छापतो. शब्द दुसऱ्याचा उसना घेतला की त्या शब्दाची कसोटीही घ्यावी लागते. ती नको असेल तर यकृत्-वृद्धी, मंदाग्नी, आमसंचय ही आपली भाषा समर्थ आहे, ती वापरावी.

दुसरा आक्षेप फार्मसीचालकांचा, आणि तो खासगीत अधिक मोकळेपणाने बोलला जातो. स्वतःच्या पैशाने स्वतःविरुद्ध पुरावा कशाला तयार करायचा? याचे उत्तर कटू आहे. जो बदल उंदराच्या यकृतात तुम्ही आज पाहणार नाही, तो उद्या एखाद्या रुग्णाच्या बायॉप्सीत दुसरा कोणी पाहील, आणि त्या वेळी तुमच्या औषधाचे नाव तुम्ही ठरवलेल्या शब्दांत छापले जाणार नाही.

वृक्काच्या बाबतीत हे घडू लागले आहे. २०२२ मध्ये 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात दक्षिण भारतातील अभ्यासकांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या नेल-१ या प्रकाराचा संबंध पारंपरिक औषधांशी जोडला. रुग्णांनी घेतलेल्या काही औषधांत पारद आढळला आणि औषधे थांबवल्यावर अनेकांच्या लघवीतून जाणारी प्रथिने कमी झाली, असे त्यांनी नोंदवले. या व्याधीच्या निदानातील महत्त्वाची पायरी गोठवलेल्या छेदावरच होते. वृक्काच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर साचलेली प्रतिपिंडे दाखवण्यासाठी फ्रोझन छेदावर चमकणारे रंगद्रव्य जोडलेला द्रव घालतात आणि अंधाऱ्या खोलीत विशेष सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे कण उजळताना दिसतात. त्यासाठी बायॉप्सीचा एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न टाकता ताजा, सलाइनमध्ये किंवा त्यासाठीच्या खास द्रावणात तातडीने पाठवावा लागतो.

या वृत्ताने आपल्या वर्तुळात दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी हे षड्यंत्र ठरवले. काहींनी रसौषधी वापरणेच सोडले. दोन्ही घाईच्या. पारद असलेले ते औषध शास्त्रोक्त संस्कार केलेले होते की कोणा वैदूने पुडीत बांधून दिलेले, हा प्रश्न आपण जरूर विचारावा. पण तो विचारण्याचा अधिकार तेव्हाच येतो जेव्हा आपल्या औषधाच्या त्याच घाणीचा राखून ठेवलेला नमुना, त्याचे परीक्षण आणि प्राण्यांच्या वृक्कावरील नीट केलेला अभ्यास आपण टेबलावर ठेवू शकतो. वैद्यानेही हात झटकू नयेत. आपला रुग्ण बायॉप्सीला जात असेल तर सोबतच्या चिठ्ठीत औषधाचे नाव, निर्माता, घाणीचा क्रमांक, मात्रा आणि किती दिवस दिले हे स्वच्छ लिहावे. 'काही आयुर्वेदिक औषधे चालू' या चार शब्दांनी आजवर आपले जितके नुकसान केले तितके विरोधकांच्या लेखांनी केले नसेल.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. क्रायोस्टॅटची किंमत लाखांत जाते आणि तो कोणत्याही एका फार्मसीने विकत घ्यावा असे मी सुचवणार नाही. मोठी वैद्यकीय महाविद्यालये आणि कर्करोग रुग्णालये यांच्याकडे तो असतो, कारण शस्त्रक्रिया चालू असताना गाठीचे निदान करण्यासाठी शल्यचिकित्सकांना तो लागतो. ही प्रथा रुजली ती अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये, १९०५ साली लुई विल्सन यांनी रीत बसवल्यानंतर. आज असे निदान वीस मिनिटांच्या आसपास मिळावे अशी अपेक्षा असते. ओघात एक सांगतो: शस्त्रक्रियेच्या वेळचा फ्रोझन अहवाल आणि आठवड्याने आलेला मेणाच्या छेदाचा अहवाल यांत फरक पडला म्हणून गोंधळलेले रुग्ण आपल्याकडे येतात आणि 'यातला खरा कोणता' असे विचारतात. थायरॉइडच्या काही गाठी, लसिकाग्रंथींचे कर्करोग, हाडाची ऊती यांत घाईच्या छेदावर निर्णय देणे अवघड असते. पहिला अहवाल टेबलावरच्या निर्णयापुरता, अंतिम शब्द मेणाच्या छेदाचा, हे रुग्णास शांतपणे सांगावे. डॉक्टरांनी फसवले या समजुतीस आपण हातभार लावू नये.

औषधपरीक्षणाकडे परत येऊ. येथे घाई नसल्याने काम आणखी सोपे आहे. फॉर्मलिन मेद विरघळवत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे प्राण्याच्या यकृताचा एक तुकडा मेणाच्या वाटेला जाऊ द्यावा आणि दुसरा फॉर्मलिनमध्येच राखून ठेवावा. छेद घेण्याआधी तो तीस टक्के साखरेच्या द्रावणात तळाशी बसेपर्यंत रात्रभर ठेवला की बर्फाचे स्फटिक कमी पडतात आणि क्रायोस्टॅटवर चांगला छेद उतरतो. रंगवलेल्या स्लाइडवर काच बसवताना नेहमीचे डीपीएक्स वापरले तर त्यातील झायलीनने मेद पुन्हा विरघळेल. तेथे ग्लिसरीन जेलीच हवी. ही स्लाइड फार काळ टिकत नाही, म्हणून छायाचित्रे लगेच घ्यावीत. विकरे आणि प्रतिपिंडे पाहायची असतील तर मात्र फॉर्मलिन चालत नाही, ऊती ताजीच गोठवावी लागते. क्षयासारख्या संसर्गाची शक्यता असलेली ताजी ऊती क्रायोस्टॅटमध्ये कापणे काम करणाऱ्यास धोक्याचे असते, याचेही भान ठेवावे.

केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१८ मध्ये आयुर्वेदीय कल्पांच्या सुरक्षितता-परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. किमान काय करावे हे तीत आहे. त्याहून अधिक करण्यास कोणाची बंदी नाही. आपल्या संघटनेने एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाशी बोलणी करून सभासद फार्मसींसाठी ठरावीक दराने फ्रोझन छेदांची सोय करून घ्यावी, असा प्रस्ताव मी पुढील वार्षिक सभेत मांडणार आहे. तोपर्यंत ज्या फार्मसीचालकांचे अभ्यास खासगी प्रयोगशाळांत चालू आहेत त्यांनी करारपत्रात एवढे एकच वाक्य घालून घ्यावे: प्रत्येक प्राण्याच्या यकृताचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये न नेता फॉर्मलिनमध्ये राखून ठेवावा आणि आमच्या लेखी संमतीवाचून टाकून देऊ नये. या वाक्याला पैसे पडत नाहीत, आणि तो तुकडा बरणीत असेल तर छेद पुढेही घेता येतो.